नोकरभरतीच्या दारात

"डॉक्टर, तुम्ही माणसे विकता असे कानावर आले, ते खरे काय?"

हा प्रश्न मला सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या न्यू जर्सीतील विहारात, वंदना आटोपून चहाचे पेले हाती आल्यावर, एका वयोवृद्ध उपासकांनी विचारला. त्यांना आम्ही सारेच काका म्हणत असू. काकांचा स्वभाव थट्टेखोर, परंतु पाली सुत्तांचा त्यांचा अभ्यास पक्का होता. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यात शस्त्र, मांस, मद्य व विष यांच्या जोडीला सत्तवणिज्जा, म्हणजे प्राण्यांचा व माणसांचा व्यापार, येतो, याची त्यांनी मला हसत हसत आठवण करून दिली. मी हसून विषय टाळला. मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

संपादक मंडळाने यंदा लेख मागितला तेव्हा प्रथम मनात आले की, मधुमेह व हृदयविकार यांवर लिहावे. डॉक्टरकडून तीच अपेक्षा असते. पण त्या विषयावर गेल्या काही स्मरणिकांतून पुष्कळ लिहून झाले आहे, आणि वाचक ते वाचून गुलाबजामच्या रांगेत उभे राहतात हेही मी पाहिले आहे. म्हणून या वेळी, ज्या व्यवसायाविषयी मी आजवर चारचौघांत फारसे बोललो नाही, त्याविषयी लिहितो. २००३ ते २०१४ या काळात मी व माझी पत्नी, जी स्वतः परिचारिका आहे, दोघे मिळून मनुष्यबळ पुरविण्याची एक लहानशी संस्था चालवीत होतो. वृद्धांच्या नर्सिंग होमना व घरी खिळलेल्या रुग्णांना परिचारिका, सेविका व फिजिओथेरपिस्ट पुरविणे हे आमचे काम. दिवसा मी माझे रुग्ण तपासी. रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही रेझ्युमे वाचीत असू.

या धंद्याचे अर्थकारण बाहेरून सोपे दिसते. नर्सिंग होमकडून ताशी एक दर घ्यावयाचा, कामावर जाणाऱ्या सेविकेला त्याहून कमी दर द्यावयाचा, मधला फरक आपला. वास्तविक त्या फरकातून मालकाच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा ७.६५ टक्के कर जातो, बेकारी निधी जातो, कामगारांच्या अपघात विम्याचा हप्ता जातो. रुग्णाला उचलता-वळविताना सेविकांच्या कमरा जायबंदी होतात, त्यामुळे हा विमा स्वस्त नसतो. शिवाय सेविकेला दर शुक्रवारी पगार हवा, आणि नर्सिंग होम बिल चुकते करणार साठ दिवसांनी, कधी नव्वद. मधल्या दोन-तीन महिन्यांचे पगार कोठून आणावयाचे? ज्याच्या पाठीशी वडिलोपार्जित पैसा आहे तो घरून आणतो; आमच्यासारखे न वसूल झालेली बिले सावकारी कंपनीला कमी किमतीत विकतात. पहिली तीन वर्षे आम्ही तेच केले. आपली तरुण मुले धंद्यात उतरत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी ही साठ दिवसांची दरी आधी लक्षात घ्यावी. बुद्धी व कष्ट आपल्यापाशी असतात. साठ दिवस थांबण्याची ऐपत पिढीजात नसते.

परंतु मला आज लिहावयाचे आहे ते पैशाविषयी नव्हे, दाराविषयी. नोकरभरती करणारा मनुष्य दारात उभा असतो. कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे हे तो ठरवितो आणि बहुधा त्याचे कारण कोणाला सांगत नाही.

माझे मामा मुंबईच्या एका कापड गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय हे येथे वाढलेल्या आपल्या मुलांना सांगावे लागेल. रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहावयाचे. कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम मिळणार, नाहीतर डबा घेऊन परत. आत कोणाला घ्यावयाचे हे पूर्वापार जॉबर ठरवीत असे. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा, किंवा हात ओला करणारा माणूस आत घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या जॉबरांच्या लाचखोरीवर कठोर टीका केली आहे. पण लाच हा या रोगाचा अर्धाच भाग. गिरणीतील चांगल्या पगाराचे विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि तो विटाळतो अशी इतर कामगारांची समजूत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. भांडवलदार विरुद्ध कामगार या लढाईत कामगारानेच कामगाराला दाराबाहेर ठेवले होते, हे त्यांनी दाखवून दिले. मामांच्या पिढीपर्यंत विणाई खात्याचे दार उघडले होते; १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने मात्र गिरणीचे फाटकच बंद केले, आणि मामा त्यानंतर कधी कामावर गेले नाहीत.

अमेरिकेत मी जेव्हा बदलीवर पाठवावयाच्या सेविकांची यादी करू लागलो, पहाटे पाचला नर्सिंग होममधून फोन येऊ लागले की आज दोघी कामावर आल्या नाहीत, कोणाला तरी पाठवा, तेव्हा एके दिवशी मला एकदम उमगले की, मामा ज्या फाटकाशी उभे राहत, त्याच्या आतल्या बाजूला आता मी उभा आहे.

येथे जॉबर नाही असे कोणी म्हणेल. आहे, फक्त त्याचे नाव बदलले आहे. आज मोठमोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना सांगतात की, तुमच्या ओळखीचा उमेदवार आणा, तो लागला तर तुम्हांला बक्षीस देऊ. यात बेकायदेशीर काही नाही. पण ओळख म्हणजे काय? ज्याच्याबरोबर आपण एका वसतिगृहात जेवलो, ज्याच्या भावाच्या लग्नाला गेलो, तो ओळखीचा. आपल्या देशातून आलेल्या माणसाच्या ओळखीचे वर्तुळ बव्हंशी जातीच्या वर्तुळाबाहेर जात नाही. म्हणून एका माणसाने दुसरा आणावा, दुसऱ्याने तिसरा, आणि दहा वर्षांनी सबंध विभागात एकाच आळीतील माणसे बसलेली असावीत. आणि यांतील कोणीही मनाशी द्वेष बाळगला असे मात्र सांगता येऊ नये! संगणक क्षेत्रातील आपल्या पुष्कळ मुलांनी मला हेच चित्र सांगितले आहे.

हे केवळ आपल्या मनाचे खेळ नाहीत. प्रा. सुखदेव थोरात व प्रा. पॉल अॅटवेल यांनी भारतातील खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना उत्तर म्हणून समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर सुमारे दोन-तृतीयांश होते. मुस्लिम नावाचे तर एक-तृतीयांशच. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीत मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन लिहिले की, हे अधिकारी आपण फक्त गुणवत्ता पाहतो असे मनापासून मानतात, आणि त्याच श्वासात उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतात. वडील काय करतात, घर कोठे आहे, भावंडे काय शिकली. ज्याचे वडील चांभारकाम करीत होते, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? अमेरिकेतही बर्ट्रांड व मुल्लैनाथन यांनी बोस्टन व शिकागो येथे काळ्या व गोऱ्या वाटणाऱ्या नावांनी अर्ज पाठवून पाहिले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्या नावांना पन्नास टक्के अधिक बोलावणी आली. रोग एकच, प्रांत निराळा.

बाबासाहेब स्वतः या दारावर किती वेळा आदळले! कोलंबियाची विद्वत्ता घेऊन १९१७ साली बडोद्यास गेलेल्या माणसाला राहावयास जागा मिळाली नाही. मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. या लहानशा प्रसंगाकडे आपले वक्ते फारसे लक्ष देत नाहीत. मला स्वतःला तो फार जवळचा वाटतो. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि त्याच काळात, महायुद्धाच्या अखेरीस, हिंदुस्थानात सरकारी सेवायोजन कार्यालयांची उभारणी झाली. आमच्या लहानपणी त्यालाच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत. माझ्या थोरल्या भावाचे कार्ड आईने पत्र्याच्या पेटीत शालेय दाखल्यांबरोबर ठेवले होते आणि ते वेळोवेळी नूतनीकरण करण्यासाठी तो भल्या सकाळी रांगेत उभा राही. त्या कार्यालयांची पुढे थट्टा झाली, आणि ती काही अंशी रास्तही होती. १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा कळविण्याची सक्ती केली. कार्यालयाने पाठविलेला माणूस घेण्याची मात्र केली नाही. तरीही त्या पिवळट कार्डामागची कल्पना मला आजही मोठी वाटते. ज्याची कोणाशी ओळख नाही त्याचे नाव, नोंदणीचा क्रमांक व पात्रता पाहून, एका वहीत चढावे, आणि पाळी आली की पुकारले जावे.

आता माझ्या स्वतःच्या वहीविषयी.

२००८ सालची गोष्ट. एका नर्सिंग होममध्ये नियमित रात्रपाळीची एक चांगली जागा निघाली. आमच्या यादीत सर्वांत वर हैतीहून आलेली एक सेविका होती. तिचे प्रमाणपत्र, अनुभव, हजेरी, सारे चोख. ती चार महिने अशाच जागेची वाट पाहत होती. त्याच आठवड्यात आपल्यातीलच एका स्नेह्यांचा फोन आला. त्यांचा पुतण्या नुकताच प्रशिक्षण संपवून बसला होता. "डॉक्टरसाहेब, आपला पोरगा आहे. आपण नाही केले तर कोण करणार?" मी केले. त्या मुलाला जागा दिली. पत्नी त्या वेळी भारतात गेली होती. असती तर हे घडले नसते. मुलगा वाईट नव्हता, परंतु रात्रपाळी त्याला झेपेना, सहा आठवड्यांत तो सोडून गेला. त्यापूर्वीच ती सेविका आमच्या कार्यालयात येऊन गेली होती. तिने आवाज चढविला नाही. भिंतीवर आम्ही मोठ्या हौसेने लावलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून तिने विचारले, "हे तुमचे वडील काय?" मी त्यांची ओळख सांगितली. ती ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग यादीत मी पहिली होते, हे यांना तुम्ही काय म्हणून सांगाल?" आणि निघून गेली. पुन्हा आमच्याकडे काम मागावयास ती आली नाही.

दुसरा दोष कमी नाट्यमय, पण कदाचित अधिक गंभीर. आरंभीच्या काळात आम्ही भारतातून काही परिचारिका आणल्या. २००६ च्या अखेरीस व्हिसाची रांग थांबल्यावर ते काम बंद पडले. वकिलाने दिलेल्या छापील करारात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दहा हजार डॉलर भरावे असे कलम होते. सारेच असे करतात म्हणून मीही सही घेतली. विदर्भातून आलेल्या एका मुलीच्या नवऱ्याला टेक्सासमध्ये काम मिळाले, तिने चौदा महिन्यांत राजीनामा दिला, आणि मी तिला वकिलाचे पत्र धाडले. तिने दोन हप्ते भरले. ते मी परत केले, पण पत्नीने वर्षभर बोलणे ऐकविल्यानंतर. न्यूयॉर्कमधील फिलिपिनो परिचारिकांच्या खटल्यात २०१९ साली फेडरल न्यायालयाने अशाच, पंचवीस हजार डॉलरपर्यंतच्या, दंडाच्या कलमाला बेकायदेशीर ठरविले आणि ते सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या कायद्याचा भंग करते असे म्हटले, तेव्हा मी तो निकाल दोनदा वाचला. काकांचा प्रश्न थट्टेचा नव्हता. माणसाच्या श्रमाचा मोबदला ठरविणे निराळे, आणि त्याच्या निघून जाण्याची किंमत ठरविणे निराळे. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलामुलींनी हे जाणून घ्यावे की, लवकर सोडल्याचा दंड लादणे आणि काम नाही म्हणून पगाराविना घरी बसवून ठेवणे, या दोन्ही गोष्टींना १९९८ पासून कायद्याने मनाई आहे. आपल्याच भाषेत गोड बोलणारा मालक हे सांगणार नाही.

एका गोष्टीचे समाधान मात्र आहे. एका नर्सिंग होमच्या बाई फोनवर वारंवार सुचवीत की, आमच्या वृद्धांना 'सोयीचे वाटेल' असे कोणी पाठवा. अर्थ स्पष्ट होता, काळी सेविका नको. मी डॉक्टर, रुग्णाच्या इच्छेला मान देण्याचे संस्कार माझ्यावर झालेले, म्हणून मी घुटमळलो. पत्नीने त्यांना लेखी कळविले की आम्ही यादीप्रमाणे पाठवू. ते गिऱ्हाईक गेले. पुढे २०१० साली इंडियाना राज्यातील एका नर्सिंग होमच्या खटल्यात अपील न्यायालयाने निर्णय दिला की, रहिवाशाची वांशिक पसंती हे सेविकेला दूर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा माणसे पुरविणाऱ्या संस्थांनाही बांधतो.

जातीच्या बाबतीत कायदा अजून अर्ध्या वाटेवर आहे. सिअॅटल नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला स्पष्ट बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर राज्यपालांनी ऑक्टोबरात नकाराधिकार वापरला. ती लढाई चालू राहील व राहिली पाहिजे. तथापि कायदा झाला तरी तो तक्रार करणाऱ्याच्या उपयोगी पडतो. ज्याचा रेझ्युमे मुलाखतीपूर्वीच बाजूला पडला, त्याला आपल्यावर काय घडले हेच कळत नाही. तो तक्रार कशाची करणार?

म्हणून माझे मत असे आहे, आणि ते आपल्यातील पुष्कळांना रुचणार नाही हे मी जाणून आहे. आज आपल्यातील कितीतरी जण व्यवस्थापक आहेत, विभागप्रमुख आहेत, काही जणांच्या स्वतःच्या कंपन्या आहेत. इतर लोक आपापल्या माणसांना ओढतात, तर आपण आपल्यांना का ओढू नये, असा प्रश्न प्रत्येक स्नेहसंमेलनात निघतो. प्रश्नामागची वेदना खरी आहे. परंतु ओळखीच्या जोरावर खेळावयाचा हा डाव संख्येने व पैशाने मोठे असलेलेच जिंकतात. आपण त्यात मूठभर जागा मिळवू आणि वहीची कल्पना मात्र कायमची गमावू. आपल्या मुलासाठी जे करावयाचे ते दाराच्या अलीकडे करावे, आणि भरभरून करावे. त्याचा रेझ्युमे दहादा तपासून द्यावा, लटकी मुलाखत घेऊन त्याला घाम फोडावा, परवाना परीक्षेचे शुल्क भरावे, पहिली नोकरी लागेपर्यंत घरी ठेवून घ्यावे, धंदा काढणाऱ्याला साठ दिवसांच्या पगाराचे बिनव्याजी कर्ज द्यावे. या शेवटच्या कामासाठी संस्थेने निधी उभारावा, अशी माझी जाहीर सूचना आहे. भाषणांच्या मंडपावर होणाऱ्या खर्चात त्याचा आरंभ होऊ शकेल. पण आपण स्वतः दारात उभे असू तेव्हा प्रश्न आधी लिहून काढावेत, तेच सर्वांना विचारावेत, वडिलांचा धंदा विचारू नये, आणि गुण लिहून मगच नाव पाहावे. तेवढ्याने आपला मुलगाही आत येतो. कारण त्याला आजवर अडविले ते गुणांनी नव्हे.

हा नियम आम्ही २००८ नंतर पाळला. त्यामुळे दोन स्नेही दुरावले. त्यांतील एक अद्याप माझ्याशी बोलत नाहीत.

आपले काही तरुण आडनाव गाळून वडिलांचे नाव पुढे लावतात, हेही मी रेझ्युमेंतून पाहिले आहे. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. ज्याला भाडे भरावयाचे आहे त्याची अडचण त्यालाच ठाऊक. पण आमच्या टेबलाशी त्याची गरज पडू नये. येत्या जयंतीच्या कार्यक्रमात, भोजनगृहाच्या दाराशी, सकाळी दहापासून मी व माझी पत्नी बसणार आहोत. ज्यांना नोकरी हवी आहे, बदलावयाची आहे, किंवा करार सही करण्यापूर्वी वाचून घ्यावयाचा आहे, त्यांनी आपापले कागद घेऊन यावे. रेझ्युमेवर पूर्ण आडनाव असले तरी चालेल. सर्वांचे कागद आलेल्या क्रमाने पाहिले जातील. स्नेह्यांनीही रांगेतच यावे, ही विनंती.